दुसऱ्या कार्यकाळाचा लोकहिशेब : जयपूरची परंपरा आणि अपुरा राहिलेला कायदा

जयपूर : सत्तेवर दुसऱ्यांदा आलेल्या नेत्याचे मूल्यमापन नागरिकांनी कसे करावे, या प्रश्नाचा राजस्थानइतका सातत्याने विचार झालेली राज्ये देशात थोडीच आहेत. १९९३ नंतर या राज्यात कोणत्याही सरकारला लागून दुसरी संधी मिळालेली नाही. तरीही अशोक गेहलोत आणि वसुंधरा राजे हे दोन्ही नेते पाच वर्षे विरोधात बसून पुन्हा मुख्यमंत्री झाले. त्यामुळे त्यांच्या दुसऱ्या कार्यकाळाची तुलना मतदारांना केवळ प्रतिस्पर्ध्याशी नव्हे, तर त्यांच्याच पहिल्या कार्यकाळाशी करता आली. याच काळात जनसुनवाई, धरणे, यात्रा, वृत्तपत्रांतील वादविवाद आणि न्यायालयीन याचिका या मार्गांनी सरकारकडे हिशेब मागण्याची एक परंपरा राजस्थानात रुजली आणि तिचे केंद्र राजधानी जयपूर हे राहिले. माहितीचा अधिकार देशाला देणाऱ्या या परंपरेची पुढची मागणी असलेला उत्तरदायित्वाचा कायदा मात्र २०२३ पर्यंत दोन्ही पक्षांच्या सरकारांच्या काळात मंजूर होऊ शकला नाही. या प्रवासाचा हा संदर्भ.

दुसरा कार्यकाळ : राष्ट्रपती आणि मुख्यमंत्री

अमेरिकेसारख्या अध्यक्षीय पद्धतीत दुसरा कार्यकाळ हा स्वतंत्र चर्चेचा विषय असतो. तेथील राज्यघटनेत १९५१ मध्ये झालेल्या २२ व्या दुरुस्तीनुसार कोणत्याही व्यक्तीला अध्यक्षपदासाठी दोनपेक्षा अधिक वेळा निवडून येता येत नाही. पुन्हा मते मागायची नसल्याने अध्यक्ष अधिक मोकळेपणाने निर्णय घेतात असे काहींचे मत असते, तर त्याच कारणाने ते बेफिकीर होतात असे इतरांचे.

भारतात राष्ट्रपतींच्या फेरनिवडीस घटनेच्या ५७ व्या अनुच्छेदाने मुभा दिली आहे. आजवर डॉ. राजेंद्र प्रसाद हेच दोन वेळा, १९५२ आणि १९५७ मध्ये, निवडून आलेले एकमेव राष्ट्रपती आहेत. त्यांच्या दुसऱ्या कार्यकाळात २८ नोव्हेंबर १९६० रोजी दिल्लीत भारतीय विधी संस्थेच्या कार्यक्रमात त्यांनी राष्ट्रपतींच्या अधिकारांचा अभ्यास व्हावा, असे सुचवले आणि त्यावरून देशभर वाद झडला. तो वाद मुख्यतः घटनातज्ज्ञ, संसद सदस्य आणि संपादक यांच्यात झाला. राष्ट्रपतींची निवड लोकांच्या थेट मतांनी होत नसल्याने त्यांच्या कामगिरीचा हिशेब मागण्याचे साधन सामान्य नागरिकाच्या हाती नसते. भारतीय लोकशाहीत ‘काय केले ते सांगा’ हा प्रश्न पंतप्रधान, मुख्यमंत्री, नगराध्यक्ष आणि सरपंच यांनाच विचारला जातो.

राष्ट्रपतिपद आणि जयपूर यांचा संबंध मात्र जुना नाही असे नाही. २००७ ची राष्ट्रपतिपदाची निवडणूक जयपूरशी जोडलेल्या दोन व्यक्तींमध्ये झाली. जळगावच्या प्रतिभाताई पाटील २००४ पासून राजस्थानच्या राज्यपाल म्हणून जयपूरच्या राजभवनात होत्या, तर त्यांचे प्रतिस्पर्धी भैरोसिंह शेखावत हे तीन वेळा राजस्थानचे मुख्यमंत्री राहिले होते. शिवसेनेने त्या वेळी मराठी उमेदवार म्हणून प्रतिभाताईंना पाठिंबा दिला होता. त्याआधी मार्च २००० मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष बिल क्लिंटन यांनी आपल्या दुसऱ्या कार्यकाळाच्या अखेरच्या वर्षात जयपूरजवळील नायला गावाला भेट दिली. पंचायतीत निवडून आलेल्या आणि दूध सहकारी संस्थेत काम करणाऱ्या महिलांनी तेथे त्यांना गावाच्या कारभाराची माहिती दिली. राजस्थानातील गावकरी, विशेषतः ग्रामीण महिला, कारभाराविषयी कशा बोलू लागल्या होत्या, याचे दर्शन त्या भेटीने जगाला घडले.

कोट किराना ते जयपूर

हे बोलणे एका दिवसात सुरू झाले नव्हते. राजसमंद जिल्ह्यातील भीम परिसरात १ मे १९९० रोजी मजदूर किसान शक्ती संघटनेची स्थापना झाली. भारतीय प्रशासकीय सेवेचा राजीनामा दिलेल्या अरुणा रॉय, निखिल डे आणि शंकर सिंह हे तिचे संस्थापक कार्यकर्ते होत. दुष्काळी कामांवर राबणाऱ्या मजुरांना किमान वेतन मिळत नाही, ही त्यांची पहिली तक्रार होती. मजुरी कमी का, असे विचारले की ‘काम कमी झाले’ असे उत्तर मिळे. किती काम झाले हे मोजमाप पुस्तिकेत लिहिलेले असे आणि ती पुस्तिका गोपनीय मानली जाई. वेतनाचा प्रश्न अशा रीतीने कागदपत्रे पाहण्याच्या प्रश्नापाशी येऊन ठेपला.

२ डिसेंबर १९९४ रोजी पाली जिल्ह्यातील कोट किराना येथे संघटनेने पहिली जनसुनवाई घेतली. पाठोपाठ इतर गावांतही सुनावण्या झाल्या. एप्रिल १९९५ मध्ये तत्कालीन मुख्यमंत्री शेखावत यांनी पंचायतीच्या विकासकामांची कागदपत्रे नागरिकांना पाहता येतील, असे विधानसभेत जाहीर केले. घोषणा झाली, पण आदेश निघाला नाही. वर्षभर वाट पाहून ६ एप्रिल १९९६ रोजी संघटनेने ब्यावर शहरात धरणे धरले. ते ४० दिवस चालले. भाजी विक्रेते, हमाल, छोटे दुकानदार यांनी धान्य, पैसा आणि वेळ देऊन ते चालवले. ‘हमारा पैसा, हमारा हिसाब’ ही घोषणा त्या काळात सर्वतोमुखी झाली. त्याच वर्षी देशपातळीवर लोकांच्या माहिती अधिकारासाठीची राष्ट्रीय मोहीम उभी राहिली.

पुढचा टप्पा जयपूरचा होता. २६ मे १९९७ रोजी राजधानीत सुरू झालेले धरणे ५३ दिवस चालले. त्याच्या अखेरीस सरकारच्या वतीने सांगण्यात आले की, पंचायतीच्या कागदपत्रांच्या प्रती देण्याची तरतूद करणारी अधिसूचना डिसेंबर १९९६ मध्येच निघाली आहे. ज्या आदेशासाठी लोक उन्हापावसात बसून होते, तो सहा महिन्यांहून अधिक काळ राजपत्रात होता आणि त्याची माहिती आंदोलकांना नव्हती. माहिती दडपण्यासाठी नेहमी नकारच द्यावा लागतो असे नाही, हे या घटनेने दाखवून दिले.

१९९८ च्या निवडणुकीत काँग्रेसने २०० पैकी १५३ जागा जिंकल्या आणि गेहलोत प्रथम मुख्यमंत्री झाले. त्यांच्या पहिल्या कार्यकाळात, २००० मध्ये, राजस्थान विधानसभेने माहितीच्या अधिकाराचा कायदा केला व तो २६ जानेवारी २००१ पासून अमलात आला. महाराष्ट्रात अण्णा हजारे यांच्या आंदोलनानंतर २००२ चा राज्य कायदा झाला. १२ ऑक्टोबर २००५ पासून केंद्रीय कायदा देशभर लागू झाला.

जनसुनवाई कशी चालते

जनसुनवाई ही सभा नव्हे आणि न्यायालयही नव्हे. महाराष्ट्रातील वाचकांना चावडी वाचन परिचित आहे. सातबाराच्या नोंदी गावासमोर वाचून दाखवल्या की चुकीची नोंद कोणाच्या तरी कानावर पडते आणि तो उठून उभा राहतो. जनसुनवाईचे तत्त्व हेच, फक्त वाचन खर्चाच्या कागदांचे असते.

प्रथम एखाद्या पंचायतीतील कामांची देयके, पावत्या, हजेरीपट आणि मोजमाप पुस्तिका मिळवल्या जातात. कार्यकर्ते घरोघरी जाऊन त्यातील नोंदी पडताळतात. ठरलेल्या दिवशी गावातील मोकळ्या जागेत मंडप घालून कागद मोठ्याने वाचले जातात. ज्याचे नाव हजेरीपटावर आहे तो मजूर पुढे येऊन आपण किती दिवस काम केले आणि किती मजुरी घेतली ते सांगतो. यातून हजेरीवरील मृत व्यक्तींची नावे, परगावी गेलेल्यांचे अंगठे, न बांधलेल्या बंधाऱ्याचे देयक आणि न आलेल्या सिमेंटच्या पावत्या उघड होतात. सरपंच व अधिकाऱ्यांनाही निमंत्रण असते आणि त्यांना बाजू मांडण्याची संधी दिली जाते. व्यासपीठावर निवृत्त न्यायाधीश, वकील, पत्रकार, अध्यापक असे बाहेरचे लोक बसतात.

या पद्धतीत तक्रारदाराला भाषण करावे लागत नाही. कागद आणि साक्ष यांची गाठ घालून दिली की पुरे होते. ज्याला लिहिता-वाचता येत नाही त्यालाही राज्यकारभाराच्या परीक्षणात भाग घेता येतो. पुढे २००५ च्या राष्ट्रीय ग्रामीण रोजगार हमी कायद्यात ग्रामसभेमार्फत सामाजिक अंकेक्षणाची तरतूद झाली, तिचे मूळ या सुनावण्यांत आहे. ज्या रोजगार हमीच्या कल्पनेला महाराष्ट्राने १९७७ च्या आपल्या कायद्याने वैधानिक रूप दिले, तिच्यावर लोकांच्या देखरेखीची जोड राजस्थानने दिली, असे म्हणता येईल.

गेहलोत यांचा दुसरा कार्यकाळ : २००८ ते २०१३

डिसेंबर २००८ मध्ये ९६ जागा मिळवून काँग्रेस सत्तेवर परतली आणि गेहलोत दुसऱ्यांदा मुख्यमंत्री झाले. त्यांचा पहिला कार्यकाळ दुष्काळ आणि सरकारी कर्मचाऱ्यांचा प्रदीर्घ संप यांनी गाजला होता आणि २००३ मध्ये पक्ष ५६ जागांवर आला होता. दुसऱ्या वेळी त्यांनी भर दिला तो कल्याणकारी योजना आणि हक्कांच्या कायद्यांवर.

ऑक्टोबर २००९ मध्ये भीलवाडा जिल्ह्यात रोजगार हमीच्या कामांचे मोठे सामाजिक अंकेक्षण झाले. त्यात सरकारी यंत्रणा आणि नागरी संघटना एकत्र होत्या. मात्र असे अंकेक्षण इतर जिल्ह्यांत नेण्यास सरपंच व ग्रामसेवकांच्या संघटनांनी तीव्र विरोध केला. सरकार एका बाजूला हिशेबाचा आग्रह धरणारे नागरिक आणि दुसऱ्या बाजूला गावपातळीवरील स्वतःचाच राजकीय पाया यांच्यामध्ये अडकले.

२ ऑक्टोबर २०११ पासून सरकारी रुग्णालयांत मोफत औषध योजना सुरू झाली. त्यासाठी राजस्थान वैद्यकीय सेवा महामंडळ स्थापून औषधांची खरेदी त्यांच्या मूळ रासायनिक नावांनी एकत्रितपणे केली जाऊ लागली. २०१३ मध्ये मोफत तपासण्यांची त्यात भर पडली. २०११ मध्ये सार्वजनिक सेवा विशिष्ट मुदतीत देण्याची हमी देणारा कायदा झाला. १ ऑगस्ट २०१२ पासून सुनावणीचा अधिकार कायदा लागू झाला. त्यानुसार नागरिकाच्या तक्रारीवर १५ दिवसांच्या आत सुनावणी घेणे अधिकाऱ्यावर बंधनकारक झाले.

याच कार्यकाळाच्या दुसऱ्या बाजूचीही चर्चा झाली. सप्टेंबर २०११ मध्ये भरतपूर जिल्ह्यातील गोपालगढ येथे झालेल्या गोळीबारावरून सरकारवर कठोर टीका झाली. एका मंत्र्याला गंभीर गुन्ह्याच्या आरोपावरून पद सोडावे लागले. कायदे चांगले, पण पंचायतीच्या कार्यालयात सुनावणी अधिकारीच जागेवर नसतो, अशा तक्रारी गावोगावच्या बैठकांत मांडल्या गेल्या.

डिसेंबर २०१३ च्या निवडणुकीत काँग्रेसला २१ जागा मिळाल्या. राज्यातील पक्षाच्या इतिहासातील हा अत्यंत दारुण पराभव होता. त्याच्या कारणांबाबत आजही एकमत नाही. योजना कार्यकाळाच्या उत्तरार्धात आल्याने त्यांचा लाभ लोकांपर्यंत पोचण्यापूर्वीच निवडणूक आली, असे एक मत आहे. केंद्रातील सरकारविरुद्धचा रोष आणि नरेंद्र मोदी यांच्या बाजूची लाट यांत राज्याचा हिशेब वाहून गेला, असे दुसरे. योजना जाहीर करणे आणि त्या राबवणारी यंत्रणा जाब देण्यास बांधील करणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, असे तिसरे मत नागरी संघटनांनी मांडले. पुढच्या दशकाची दिशा याच तिसऱ्या मताने ठरवली.

राजे यांचा दुसरा कार्यकाळ : २०१३ ते २०१८

ग्वाल्हेरच्या शिंदे घराण्यातील वसुंधरा राजे २००३ मध्ये १२० जागांसह राजस्थानच्या पहिल्या महिला मुख्यमंत्री झाल्या होत्या. २०१३ मध्ये त्या १६३ जागांच्या विक्रमी बहुमताने परतल्या. दुसऱ्या कार्यकाळात त्यांनी भामाशाह योजनेतून कुटुंबप्रमुख म्हणून महिलेच्या नावे बँक खाते आणि थेट लाभ देण्याची व्यवस्था केली. जानेवारी २०१६ पासून मुख्यमंत्री जल स्वावलंबन अभियानातून गावोगावी जलसंधारणाची कामे झाली. महाराष्ट्रातील जलयुक्त शिवाराशी त्याचे साम्य होते. आरोग्य विमा आणि शहरी गरिबांसाठी स्वस्त जेवणाच्या योजनाही याच काळातील. जयपूर मेट्रोची प्रवासी सेवा जून २०१५ मध्ये सुरू झाली. तिचे काम आधीच्या सरकारने सुरू केले होते.

वादाचे विषयही लवकरच पुढे आले. डिसेंबर २०१४ मध्ये, पंचायत निवडणुकीच्या तोंडावर, सरपंचपदासाठी आठवी आणि पंचायत समिती व जिल्हा परिषद सदस्यत्वासाठी दहावी उत्तीर्ण असण्याची अट वटहुकमाद्वारे घालण्यात आली. आदिवासी क्षेत्रातील सरपंचासाठी ती पाचवीची होती. शिक्षित प्रतिनिधी कारभार चांगला करतील आणि फसवले जाणार नाहीत, असे समर्थकांचे म्हणणे होते. जनसुनवाईत कागद वाचून घेऊन हिशेब मागणाऱ्या, पण शाळेचे तोंड न पाहिलेल्या हजारो ग्रामीण महिला यामुळे निवडणुकीतून बाद झाल्या, असे विरोधकांचे. फेब्रुवारी २०१९ मध्ये पुढील सरकारने ही अट रद्द केली.

१ डिसेंबर २०१५ रोजी जयपुरातून जवाबदेही यात्रा निघाली. १०० दिवसांत ती राज्याच्या तेव्हाच्या सर्व ३३ जिल्ह्यांत फिरली. प्रत्येक मुक्कामी लोकांच्या तक्रारी नोंदवून घेतल्या गेल्या आणि त्यांची संख्या हजारोंत गेली. झालावाड जिल्ह्यातील अकलेरा येथे यात्रेतील कार्यकर्त्यांवर हल्ला झाला. नोंदवलेल्या तक्रारी मोठ्या धोरणांच्या नव्हत्या. बंद झालेले निवृत्तिवेतन, न मिळालेली मजुरी, रेशन दुकानातील यंत्रावर न जुळणारा अंगठा अशा त्या होत्या. राजसमंद जिल्ह्यात घरोघरी केलेल्या पडताळणीत सरकारदप्तरी मृत ठरवून निवृत्तिवेतन थांबवलेले वृद्ध प्रत्यक्षात हयात असल्याचे आढळले. राज्याच्या कारभाराचे मूल्यमापन या माणसांसाठी प्रगतिपुस्तकातील गुणांचे नव्हते. महिन्याच्या धान्याचे आणि औषधाचे होते.

सप्टेंबर २०१७ मध्ये सीकरमध्ये किसान सभेच्या नेतृत्वाखाली शेतकऱ्यांनी १३ दिवस आंदोलन केले. त्यात व्यापारी आणि शहरातील नागरिकही सहभागी झाले. ५० हजार रुपयांपर्यंतच्या कर्जमाफीचे आश्वासन मिळाल्यावर ते मागे घेण्यात आले. त्याच वर्षी जूनमध्ये महाराष्ट्रात पुणतांब्यातून शेतकरी संपाची हाक निघाली होती आणि पुढच्या मार्चमध्ये नाशिक ते मुंबई किसान मोर्चा निघाला.

वटहुकूम आणि वृत्तपत्राचे कुलूप

राजे यांच्या दुसऱ्या कार्यकाळातील सर्वांत गाजलेला वाद मात्र जयपुरातच घडला. सप्टेंबर २०१७ मध्ये सरकारने फौजदारी कायद्यांत दुरुस्ती करणारा वटहुकूम काढला. आजी-माजी न्यायाधीश, दंडाधिकारी आणि लोकसेवक यांच्याविरुद्ध, त्यांनी पदावर असताना केलेल्या कृतीबद्दल, सरकारच्या पूर्वमंजुरीवाचून तपासाचा आदेश देता येणार नाही, अशी तरतूद त्यात होती. मंजुरीसाठी १८० दिवसांची मुदत ठेवण्यात आली. शिवाय मंजुरी मिळेपर्यंत संबंधिताचे नाव प्रसिद्ध करणाऱ्यास दोन वर्षांपर्यंत कारावासाची शिक्षा ठेवण्यात आली.

निराधार खटल्यांमुळे प्रामाणिक अधिकाऱ्यांची बदनामी होते आणि निर्णय रखडतात, असे सरकारचे म्हणणे होते. महाराष्ट्रात २०१६ मध्ये लागू झालेल्या दुरुस्तीनेही लोकसेवकांच्या चौकशीपूर्वी मंजुरी आवश्यक केली होती. परंतु तेथील मुदत तीन महिन्यांची होती आणि नाव प्रसिद्ध करण्यावर बंदी नव्हती. राजस्थानच्या वटहुकमावरील आक्षेपाचा गाभा याच फरकात होता. ज्या राज्यातून माहितीचा अधिकार निघाला, तेथे सहा महिने मौन पाळण्याची सक्ती येत होती.

ऑक्टोबर २०१७ च्या अखेरच्या आठवड्यात वटहुकमाची जागा घेणारे विधेयक विधानसभेत मांडले गेले. विरोधकांनी सभागृह दणाणून सोडले. सत्ताधारी पक्षाचे ज्येष्ठ आमदार घनश्याम तिवाडी यांनीही उघड विरोध केला. पत्रकारांनी जयपुरात निषेध केला, उच्च न्यायालयात याचिका दाखल झाल्या. दुसऱ्याच दिवशी विधेयक प्रवर समितीकडे पाठवण्यात आले.

१ नोव्हेंबर २०१७ रोजी ‘राजस्थान पत्रिका’ या जयपूरच्या प्रमुख दैनिकाने संपादक गुलाब कोठारी यांच्या स्वाक्षरीच्या लेखातून एक निर्णय जाहीर केला. हा कायदा मागे घेतला जात नाही तोपर्यंत मुख्यमंत्री आणि त्यांच्याशी संबंधित बातम्या छापल्या जाणार नाहीत. १६ नोव्हेंबरला, राष्ट्रीय पत्रकार दिनी, या दैनिकाने संपादकीयाची जागा कोरी सोडली. या निर्णयावरही मतभेद होते. सरकारने बातमी रोखू नये असे म्हणणाऱ्या वृत्तपत्राने स्वतः बातमी रोखणे कितपत योग्य, असा प्रश्न काहींनी विचारला. दडपणाविरुद्ध वृत्तपत्राकडे असलेले हेच एक शस्त्र आहे, असे इतरांनी म्हटले.

१ फेब्रुवारी २०१८ रोजी अजमेर व अलवर या लोकसभेच्या आणि मांडलगढ या विधानसभेच्या पोटनिवडणुकांचे निकाल लागले. तिन्ही जागा सत्ताधारी पक्षाने गमावल्या. त्याच महिन्यात मुख्यमंत्र्यांनी विधानसभेत विधेयक मागे घेत असल्याचे जाहीर केले. वटहुकमाची मुदत त्याआधीच संपली होती.

ऑगस्ट २०१८ मध्ये राजसमंद जिल्ह्यातील चारभुजा येथून राजे यांनी गौरव यात्रा सुरू केली. पाच वर्षांच्या कामाचा हिशेब जनतेला देणे हा तिचा जाहीर उद्देश होता. यात्रेचा खर्च पक्षाचा की सरकारचा, हा प्रश्न उच्च न्यायालयापर्यंत गेला आणि यात्रेदरम्यान सरकारी कार्यक्रम घेण्यास न्यायालयाने मनाई केली. हिशेब द्यायला निघालेल्या यात्रेचाच हिशेब मागितला गेला.

मतपेटी काय सांगते आणि काय सांगत नाही

गेल्या पाव शतकातील आकडे एकत्र पाहिले तर चित्र स्पष्ट दिसते. काँग्रेस १९९८ मध्ये १५३, २००३ मध्ये ५६, २००८ मध्ये ९६, २०१३ मध्ये २१, २०१८ मध्ये ९९ आणि २०२३ मध्ये ६९. भाजप याच क्रमाने ३३, १२०, ७८, १६३, ७३ आणि ११५. सत्तेवरील पक्ष प्रत्येक वेळी हरला. २०१८ मध्ये दोन्ही पक्षांच्या मतांतील फरक अर्ध्या टक्क्याच्या आसपास होता, तरी सरकार बदलले.

या निकालांतून दोन निष्कर्ष काढले जातात. एक असा की, राजस्थानचा मतदार जागरूक असून कोणालाही सत्तेत निर्धास्त होऊ देत नाही. दुसरा अगदी उलट आहे. सरकार काहीही केले तरी जाणारच असेल, तर चांगल्या कामाचे बक्षीस आणि वाईट कामाची शिक्षा यांत फरक उरत नाही, आणि मतदान हे मूल्यमापन न राहता केवळ पाळी बदलणे ठरते.

मतपेटीची मर्यादा इथे दिसते. मतदार सरकारला नापास करतो, पण कोणत्या विषयात ते सांगत नाही. मोफत औषधे देणारे सरकार पडले म्हणून लोकांना औषधे नको होती असे नव्हे, आणि जलसंधारण करणारे सरकार पडले म्हणून बंधारे नको होते असेही नव्हे. निकालाची कारणे नोंदवण्याचे काम मतपत्रिकेच्या बाहेरच करावे लागते. जनसुनवाई, यात्रा, अग्रलेख आणि याचिका यांचे महत्त्व यात आहे. विशेष म्हणजे, प्रत्येक मोठा बदल निवडणुकीच्या निकालाने नव्हे, तर दोन निवडणुकांच्या मधल्या दबावाने झाला. १९९६ ची पंचायत अधिसूचना, २०१२ चा सुनावणीचा कायदा आणि २०१८ मधील विधेयकाची माघार ही त्याची उदाहरणे आहेत.

कार्यकाळ संपण्याची वाट न पाहता लोकप्रतिनिधीला परत बोलावण्याचा प्रयोगही राजस्थानने केला. नगरपालिका कायद्यातील तरतुदीनुसार नगरसेवकांच्या विशेष बहुमताने ठराव झाल्यावर अध्यक्षाला ठेवावे की काढावे, यावर जनतेचे मत घेता येत होते. बारां जिल्ह्यातील मांगरोळ नगरपालिकेत २०१२ मध्ये असे मतदान झाले. नगरसेवक विरोधात गेलेल्या अध्यक्षाला मतदारांनी पदावर कायम ठेवले. नेत्यांचा हिशेब आणि नागरिकांचा हिशेब नेहमी जुळतोच असे नाही, याचा तो पुरावा होता.

अपुरा राहिलेला कायदा

२०१८ च्या निवडणुकीपूर्वी नागरी संघटनांनी सर्व पक्षांसमोर आपल्या मागण्या ठेवल्या. काँग्रेसने आपल्या ‘जन घोषणापत्रा’त उत्तरदायित्वाच्या कायद्याचे आश्वासन दिले आणि सत्तेवर आल्यावर ते घोषणापत्र सरकारी दस्तऐवज म्हणून स्वीकारले. १३ सप्टेंबर २०१९ रोजी जयपुरात जन सूचना पोर्टल सुरू झाले. कोणाला किती रेशन मिळाले, कोणाचे निवृत्तिवेतन जमा झाले, कोणत्या कामावर किती खर्च झाला, ही माहिती अर्ज न करता पाहण्याची सोय त्यावर झाली. माहिती अधिकार कायद्याच्या चौथ्या कलमातील, सरकारने स्वतःहून माहिती प्रसिद्ध करण्याच्या कर्तव्याची ही उल्लेखनीय अंमलबजावणी मानली जाते.

कायद्याचा मसुदा तयार करण्यासाठी निवृत्त सनदी अधिकारी राम लुभाया यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. प्रस्तावित कायद्याची रचना चार पायऱ्यांची होती. प्रत्येक कर्मचाऱ्याचे काम लेखी ठरलेले असावे. त्याला मुदत असावी. काम न झाल्यास त्या कार्यालयाबाहेरच्या, स्वतंत्र यंत्रणेकडे तालुका पातळीवरच दाद मागता यावी. आणि दोष सिद्ध झाल्यास जबाबदार व्यक्तीस दंड, तर नागरिकाला भरपाई मिळावी. माहिती अधिकारात माहिती न देणाऱ्या अधिकाऱ्याला दंडाची तरतूद आहे. काम न करणाऱ्याला तशी शिक्षा का नसावी, हा त्यामागील साधा तर्क होय.

विलंब होत असल्याने २० डिसेंबर २०२१ रोजी दुसरी जवाबदेही यात्रा निघाली. त्यानंतर २०२३ मध्ये राजस्थान विधानसभेने आरोग्याचा अधिकार, किमान उत्पन्नाची हमी आणि ॲपवर आधारित सेवांतील कामगारांचे कल्याण या विषयांवर कायदे केले. उत्तरदायित्वाचा कायदा मात्र झाला नाही. अधिकारी-कर्मचारी वर्गाचा विरोध हे त्यामागील प्रमुख कारण असल्याचे नागरी संघटना सांगतात. डिसेंबर २०२३ मध्ये पुन्हा सत्तांतर होऊन भजनलाल शर्मा मुख्यमंत्री झाले.

महाराष्ट्रासाठी अर्थ

महाराष्ट्रात २०१५ पासून लोकसेवा हक्क कायदा लागू आहे. अधिसूचित सेवा मुदतीत न दिल्यास अधिकाऱ्याला दंड करण्याची आणि राज्य लोकसेवा हक्क आयोगाकडे दाद मागण्याची तरतूद त्यात आहे. हा कायदा प्रामुख्याने दाखले, परवाने, नोंदी अशा सेवांपुरता आहे. बंद पडलेले निवृत्तिवेतन, निकृष्ट रस्ता किंवा रोजगार हमीची थकलेली मजुरी यांसारख्या तक्रारींची जबाबदारी निश्चित करण्याची व्याप्ती राजस्थानच्या प्रस्तावात अधिक होती. थेट निवडून आलेला सरपंच आणि नगराध्यक्ष यांच्या पद्धतीत महाराष्ट्रात गेल्या काही वर्षांत वारंवार बदल झाले. नेता कसा निवडावा यावर तेथे बराच वाद झाला. निवडल्यानंतर पाच वर्षे त्याला प्रश्न कसा विचारावा, हा विषय तुलनेने मागे राहिला.

राजस्थानचा अनुभव या दुसऱ्या विषयावर आहे. तेथे दोन नेत्यांना दोन-दोन, किंबहुना गेहलोत यांना तीन संधी मिळाल्या आणि प्रत्येक संधीनंतर हिशेबाचे एखादे साधन नागरिकांच्या हाती आले. पंचायतीचा हजेरीपट, माहितीचा अर्ज, सुनावणीची तारीख आणि संगणकाच्या पडद्यावरील यादी ही ती साधने होत. यादीत आपले नाव मृतांत आहे हे आता वृद्धेला तालुक्याला न जाता कळू शकते. ते नाव कोणी घातले आणि ते काढण्यास किती दिवस लागतील, याचे उत्तर देण्याचे कायदेशीर बंधन मात्र अद्याप कोणावर नाही.